उजव्या डोळ्यातला ठिपका

ती समोरच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली, उजव्या डोळ्यावरची पट्टी स्वतःच्या हाताने काढली, आणि मी तिला ओळखलं. तिने मला ओळखलं नाही. ओळखायचं काही कारणच नव्हतं. आमची अशी भेट कधी झालेली नव्हती. मी तिला पाहिलं होतं, एवढंच. तेही एकदा नाही. किती वेळा ते सांगायची लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर मला तो आकडा माहीतही नाही. तळहाताएवढ्या पडद्यावर, दार लावून, आवाज बंद करून. हातातला ब्रश खाली ठेवला, कारण तो थरथरायला लागला होता आणि समोरच्या बाईला ते दिसायला एक डोळा पुरेसा होता. "जरा पाणी पिऊन येतो," मी म्हणालो. "या की सावकाश, मला कुठे जायचंय," ती म्हणाली. साधं, घरगुती बोलणं. आणि जिन्याकडे जाता जाता माझ्या लक्षात आलं की हा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला.

खोटे डोळे रंगवणं हे माझं काम. लोकांना वाटतं ते काचेचे असतात, पाण्याच्या ग्लासात ठेवतात वगैरे. तसं काही नाही. दातांची कवळी ज्याची करतात त्यातलाच प्रकार. शेजारच्या खोलीत साचेबाई बसतात, त्या आधी येऊन पेशंटच्या खोबणीचा साचा घेतात. त्यांचं काम हाताचं आणि गप्पांचं. माझं काम नजरेचं. बुबुळाची एक काळी चकती असते, शर्टाच्या बटणाएवढी, तिच्यावर एकावर एक रंगाचे पातळ थर द्यायचे, आणि ते देताना पेशंटचा दुसरा, चांगला डोळा समोर ठेवायचा. समोर म्हणजे वीतभर अंतरावर. दोन-दोन तास टक लावून बघायचं. करड्यात किती हिरवं आहे, कडेचं वर्तुळ किती गडद, पांढऱ्यात पिवळट झाक आहे का. शिरांसाठी लाल रेशमाचे केसाएवढे धागे लावतो. उत्तरेच्या खिडकीतून सारखा उजेड येतो, म्हणून ही खोली मला दिली. माझ्यासारख्या माणसाला देवाने नेमकं हेच काम द्यावं, यात त्याचा काय विनोद आहे ते त्यालाच ठाऊक. आमच्या पाळकांनी एकदा रविवारी 'डोळा पापात पाडत असेल तर तो उपटून टाक' हे कडक वचन प्रवचनाला घेतलं होतं. सगळी मंडळी माना खाली घालून ऐकत होती आणि मी एकटा विचार करत होतो, की उपटला तर पुढचा रंगवायला यायचं कुणाकडे.

हसू येतं, पण ते हसूच वाईट. मी सगळं हसण्यावारी नेत आलोय. बावीस वर्षांचा असताना लागलेली ही दार लावून बघायची सवय चाळिशी ओलांडली तरी सुटली नव्हती, आणि बायको जेव्हा जेव्हा विचारायची, काय झालं, असा का दिसतोस, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं: कुठे काय. हे दोन शब्द मी इतक्या वेळा म्हटलेत की तेच माझं खरं नाव असायला हवं. मग एका दुपारी माझ्या फोनवर तिला ते सापडलं. ती ओरडली नाही, रडली नाही, फक्त पलंगाच्या कडेला बसून पायातली चप्पल काढत, परत घालत राहिली. तीन दिवसांनी बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "आता यापुढे मला सापडू देऊ नकोस. तू सांग. तू सांगितलंस तर मी ऐकेन. मला सापडलं तर मी जाईन." त्याला आता चौदा महिने झाले. माझ्याकडे बटणांचा फोन आहे, ज्यावर फक्त बोलता येतं. घरात पडदा म्हणून जो काही आहे त्याला बायकोचं कुलूप आहे. दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत, जिथे जादा खुर्च्या रचून ठेवतात, तिथे हीच सवय सोडवायला आम्ही सहा जण बसतो. आणि रोज जेवणाच्या सुट्टीत मी ड्रायव्हरकाकांना फोन करतो. काका एकतीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेले, त्या खोलीतले सगळ्यात जुने. ते म्हणतात, "अरे, माणूस बघण्याने घसरत नाही. त्याच्या आधी घसरलेला असतो. 'कुठे काय' म्हणतो ना, तिथे." म्हणून आमचा पहिला नियम तो आहे: खोटं बोलायचं नाही, लहानसं पण नाही. चहात साखर कमी असली तरी बरोबर आहे म्हणायचं नाही. हे वाटतं तेवढं सोपं नाही. मी गेल्या वर्षात बायकोशी भाजीवरून जेवढा भांडलो तेवढा आधीच्या पंधरा वर्षांत मिळून भांडलो नसेन, आणि ती म्हणते, बरं वाटतं, निदान कोणीतरी घरात आहे.

जिन्यात उभं राहून मी काकांना फोन लावला. जेवणाची सुट्टी नव्हती, अकराच वाजले होते, त्यामुळे त्यांनी उचलल्या उचलल्या विचारलं, "काय झालं?" 'कुठे काय' माझ्या तोंडातून जवळजवळ निघालंच होतं. मग सांगितलं. पलीकडे नळ चालू होता तो बंद झाल्याचं ऐकू आलं. "नक्की तीच?" त्यांनी विचारलं. "तीच. माझं काम चेहरे बघायचं आहे, काका." "घाबरलास?" "हातपाय गार पडलेत." "बरं झालं. मला ज्या दिवशी गाडीवर बसताना भीती वाटायची नाही, त्या दिवशी मी स्वतःच डेपोत सांगायचो, आज मला गाडी देऊ नका. आता मला सांग, तुझ्याऐवजी दुसरा कोण रंगवेल?" मी म्हणालो, रंगवणारा मी एकटाच, पुढची तारीख दिली तर दोन महिने जातील. "तिच्या चेहऱ्यात भोक आहे आणि तू दोन महिन्यांच्या गोष्टी करतोस," काका म्हणाले. "ती कामासाठी आलीये. तुझ्यासाठी नाही आली. जा, तिचं काम कर. दार उघडं ठेव." मग त्यांनी फोनवरच प्रार्थना केली. त्यांची प्रार्थना नेहमी दोन वाक्यांची असते, प्रवासी मागे खोळंबल्यासारखी. "प्रभू, हा भित्रा आहे. याचा हात धर. आमेन." मी पण आमेन म्हणालो, आणि जिन्याच्या कठड्याला धरलेला हात सुटेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

परत आलो तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी दार सताड उघडं केलं, त्याला लाकडाची पाचर लावली. पलीकडून साचेबाईंच्या घासायच्या यंत्राची घरघर येत होती आणि एरवी डोकं उठवणारा तो आवाज आज मला सोबतीसारखा वाटला. स्टूल ओढून मी तिच्या समोर बसलो आणि तिच्या डाव्या डोळ्याकडे बघायला सुरुवात केली. मनात एकच: डोळा. फक्त डोळा. भुवई नको, गाल नको, मान नको. तपकिरी, पण कडेला येता येता हिरवट. मधे बाहुलीभोवती मधासारखा पट्टा. पहिला थर तपकिरी. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. म्हणाली, "इतकं बघून तुमचे डोळे दुखत नाहीत?" मी म्हणालो, "दुखतात." "मी शाळेत भूमिती शिकवते. डोळा काढल्यापासून मुलं म्हणतात, बाई आता वर्तुळ जास्त गोल काढतात. कार्टी." ती हसली. मी हसलो नाही, कारण हसताना तिच्या ओठाची डावी कड खाली जाते हे मला आधीपासून माहीत होतं, आणि माहीत असल्याची मला भयंकर भीती वाटली. ती सांगत होती, आत गाठ झाली होती, डोळा काढावाच लागला, सात महिने झाले. पट्टी लावून वर्गात उभं राहायचा कंटाळा आलाय. शाळा नवी आहे, आधीच्या दोन सोडाव्या लागल्या. सुट्टी आठ दिवसांनी संपते, त्याआधी होईल ना? "होईल," मी म्हणालो. आधीच्या दोन का सोडाव्या लागल्या ते मी विचारलं नाही. चकतीवर दुसरा थर दिला.

वीतभर अंतर म्हणजे किती, हे ज्याने अनुभवलं नाही त्याला कळणार नाही. समोरच्याचा श्वास मनगटाला लागतो. मी श्वास मोजत होतो, माझे आणि तिचे, आणि मोजता मोजता ती क्लिप माझ्या डोक्यात आपोआप चालू झाली, जशी ती व्हायची, बटण न दाबता. एक खोली, मागच्या भिंतीवर कपाटाची सावली, सकाळ असावी असा उजेड. बाकीचं मी इथे सांगणार नाही, आणि खरंच, बाकीचं मला तेवढं आठवतही नाही. आठवतो तो एक क्षण. मधेच ती मान वळवते आणि सरळ समोर बघते. सरळ माझ्याकडे. तिथे थांबवून, चेहरा मोठा करून मी कितीदा बघितलंय. त्या तेवढ्या एका नजरेवर मी सगळा डोलारा उभा केला होता. तिला माहीत आहे, कोणीतरी बघतंय. तिची हरकत नाही. उलट ती बोलावतेय. मागच्या खोलीत खुर्च्यांच्या ढिगाशेजारी बसून मी सगळं कबूल केलं, बायकोला फसवलेलं, दारं लावलेली, वाया घालवलेले दिवस. पण ही एक गोष्ट मी कबूल केली नाही, कारण ती मला पाप वाटतच नव्हती. ती मला माझी बाजू वाटत होती. मी कुणाच्या घरात तर डोकावलो नव्हतो. मला कुणीतरी आत घेतलं होतं. प्रभूसमोरसुद्धा मी एवढं एक वाक्य मुठीत लपवून उभा राहिलो होतो. आणि आता ती माझ्यासमोर बसून मला वर्तुळाचा विनोद सांगत होती, आणि ते वाक्य मुठीत घामाने चिकट झालं होतं. प्रभू, हात धर, मी मनात म्हणत राहिलो. हात धर. हिरवट रंग घेतला, कडेने फिरवला. हात धर. हळूहळू कापरं थांबलं, बोटं सैल झाली, आणि हात त्याचा तो चालू लागला. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की शेवटची काही मिनिटं मी काय करतोय याकडे माझं लक्षच नव्हतं, इतक्या वर्षांच्या सवयीने होतं तसं.

"झालं?" तिने विचारलं. मी चकतीवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब टाकला की रंग जिवंत होतात, वरून पारदर्शक थर चढल्यावर दिसतील तसे दिसतात. चिमट्याने धरून चकती तिच्या तळहातावर ठेवली, हातात आरसा दिला, आणि ती उठून खिडकीशी गेली. पेशंट या वेळी नेहमी एकतर हसतात किंवा रडतात. मी ब्रश धुवायला घेतले. ती हसली नाही आणि रडली नाही. चकती उजेडात फिरवून ती म्हणाली, "हा ठिपका तुम्ही का काढलात?"

मी वळून बघितलं. चकतीवर, घड्याळात सात वाजतात तिथे, तपकिरीवर एक काळसर ठिपका होता. तिळापेक्षा लहान. मीच काढला होता, दुसरं कोण काढणार. "या डोळ्यात नाहीये तो," ती आरसा डाव्या डोळ्याजवळ नेत म्हणाली. "बघा ना. डाव्यात कधीच नव्हता. उजव्यात होता. इथेच, बरोबर इथेच." तिचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. जो डोळा सात महिन्यांपूर्वी काढून टाकला, जो या खोलीत कधी आलाच नाही, त्यातला ठिपका माझ्या हाताला माहीत होता.

"माझा जुना फोटो असेल ना फाइलमध्ये," ती म्हणाली. "मी दिल्याचं आठवत नाही. पण भावाने दिला असेल. त्यानेच कागद आणले होते." हे तिने माझ्याकडे बघून म्हटलं, आणि मला कळलं की ती मला वाट काढून देतेय. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी. तिला तसंच असायला हवं होतं. फाइल टेबलावर होती; आत मापांचा कागद, साच्याचा नंबर, सर्जनचं पत्र. मला फक्त हो म्हणायचं होतं. एकदा हो म्हटलं की ती खुर्चीत येऊन बसली असती, आठ दिवसांनी वर्गात उभी राहिली असती, मी घरी जाऊन जेवलो असतो. आणि हे खोटं दयेचं असतं, असं माझ्या आतला तो जुना वकील सांगायला लागला: खरं बोलून तू मोकळा होशील आणि ओझं तिच्या मांडीवर टाकशील, हेच का तुझं ख्रिस्तीपण? त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हीच तर भीतीची गोष्ट. शिवाय ती ओरडली असती तर साचेबाई धावत आल्या असत्या, तक्रार झाली असती, हे काम गेलं असतं, संध्याकाळपर्यंत कोणीतरी बायकोला सांगितलं असतं. म्हणजे पुन्हा मी सांगायच्या आधी तिला सापडलं असतं. चौदा महिने एका क्षणात धुऊन गेले असते. हो म्हण. कुठे काय म्हण. मी तिच्याकडे बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदाच डोळ्याच्या बाहेर, सगळ्या चेहऱ्याकडे, आणि तिथे जी भीती होती ती माझ्या ओळखीची होती. दाराबाहेर पाऊल वाजलं की मला वाटायची तीच. ती घरी जाऊन भावाला विचारणार होती. भाऊ नाही म्हणणार होता. आणि मग रोज सकाळी ती माझं खोटं बोटाने उचलून स्वतःच्या खोबणीत बसवणार होती.

"फाइलमध्ये फोटो नाही," मी म्हणालो.

तिने आरसा आणि चकती खिडकीत ठेवली, काखेतली पर्स छातीशी धरली. मोकळ्या हाताने रिकामी खोबणी झाकली, जणू मी तीच बघत होतो. "दार उघडं आहे ना?" तिने विचारलं. माझ्या आयुष्यात मला कुणी यापेक्षा वाईट काही म्हटलेलं नाही. "उघडं आहे," मी म्हणालो, आणि स्टूल मागे सरकवून भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, म्हणजे तिच्या आणि दाराच्या मधे काही राहू नये. मग जे येईल ते बोललो. की मी बघायचो. की चौदा महिने झाले, आता बघत नाही. पण त्याने तेव्हाचं बघितलेलं पुसलं जात नाही, हे त्या ठिपक्यानेच दाखवलं. की चूक सगळी माझी. माझा आवाज मलाच परका वाटत होता. ती ऐकत होती की नव्हती, कळत नव्हतं. पलीकडचं यंत्र थांबलं, आणि पुन्हा चालू झालं.

"त्यात मी समोर बघते," ती शेवटी म्हणाली. माझ्याशी नाही, खिडकीशी. "सगळे तेच सांगतात. चौकशीला बसलेला अधिकारी पण म्हणाला, बाई, तुम्ही तर बघताय की. कपाटावर घड्याळ होतं. नवऱ्याने नवीन आणलेलं. त्यातच कॅमेरा बसवलेला होता, मला काय माहीत. मी वेळ बघत होते." ती थांबली. "पेपर तपासायचे राहिले होते माझे. नववीचे. साडेसातची शाळा."

मुठीत इतकी वर्षं धरलेलं ते वाक्य, ते तिथे उरलंच नाही. ती कुणाला बोलावत नव्हती. कोणी होतंच कुठे तिथे, बोलवायला? एक बाई, नववीचे पेपर, आणि घड्याळात किती वाजले. रडलो असतो, पण तिच्यासमोर रडायचा मला काय अधिकार. आतल्या आत नुसतं प्रभू, प्रभू म्हणत राहिलो, पुढचं वाक्य सुचत नव्हतं. सकाळी मागितलं होतं, हात धर. धरला होता. कसा धरला होता ते आत्ता त्या ठिपक्यावरून कळत होतं, आणि ज्याने धरला त्याची मला भीती वाटली, चौदा महिन्यांत वाटली नव्हती तेवढी.

"तुम्हाला दुसरीकडे पत्र देतो," मी म्हणालो. "आजच देतो, त्यांना फोन करून लवकरची तारीख मागतो. आणि हा ठिपका पुसतो. दोन मिनिटांचं काम आहे." चकती पुन्हा उचलून ती उजेडात धरून बघत राहिली. थेंब वाळत आला होता, रंग फिके पडत होते. "लोक म्हणतात, बाई, तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली, "आणि हसतात. विचारलं की म्हणतात, नाही हो, सहज. फोटो नाही असं म्हणणारे तुम्ही पहिले." हे तिने मला माफ केल्यासारखं म्हटलं नाही. नोंद करावी तसं म्हटलं.

मग ती खुर्चीकडे आली. मला वाटलं पट्टी उचलेल आणि जाईल. ती बसली, पर्स मांडीवर घेतली, तळहात पुढे केला. "पुसू नका. ठिपका माझा आहे. माझ्या आईलाही तिथेच होता." मी चिमट्याने चकती उचलली. माझा हात कापत होता आणि मी तो लपवला नाही. "बाहेरची कड थोडी फिकी झालीये," ती म्हणाली. "हिरवं कमी पडलंय. नीट बघा आता. आठ दिवसांनी शाळा आहे माझी."

मी स्टूल पुढे ओढलं. भीती गेलेली नव्हती. संध्याकाळी घरी जाऊन, चप्पल काढायच्या आधी, बायकोला हे सगळं सांगायचं होतं, मुठीतल्या त्या वाक्यासकट, आणि ऐकून ती काय करेल हे मला माहीत नव्हतं. ब्रश हिरव्यात बुडवला. दार उघडं होतं. वर बघितलं तर वीतभर अंतरावर तिचा डावा डोळा होता, पापणी न हलवता, आणि या वेळी ती खरोखर माझ्याकडेच बघत होती.